दोस्तच राव, दोस्त

मैत्रिणीची लेक इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, तिचा परवा रात्री साडेअकराला मेसेज. मावशी तू बँकॉकला राहिलीयेस ना, मग सांग, 'बॅड बडी' सिरीजचं थाई नाव आहे 'खॅ फुअन ख्रप फुअन', अर्थ सगळीकडे 'फक्त मित्र' एवढाच देतात, मग फुअन दोनदा का येतं आणि मधला ख्रप म्हणजे काय? होस्टेलवरच्या पोरींसाठी आम्ही मराठी सबटायटल करतोय आणि नावापाशीच अडलोय. आणि जाता जाता, 'फी' म्हणजे दादाच ना?

जाता जाता म्हणे! फी वर रात्र काढता येईल.

ज्यांना सिरीज माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. ऑक्टोबर २०२१ ते जानेवारी २०२२, बारा भाग, जीएमएम २५ या थाई टीव्ही चॅनेलवर. पॅट आणि प्रान शेजारी राहतात, दोघांच्या घरच्यांचा धंदा एकच, हार्डवेअरचा, आणि भिंतीला भिंत लागून असूनही पिढीजात वैर, त्यामुळे पोरांनी लहानपणापासून प्रत्येक गोष्टीत एकमेकांवर कुरघोडी करायची अशी रीतच. पुढे युनिव्हर्सिटीत एक इंजिनिअरिंगला आणि दुसरा आर्किटेक्चरला, आणि तिथेही दोन फॅकल्ट्यांची मारामारी चालूच. आता या दोघांचं आतून जमतं, आधी मैत्री आणि मग मैत्रीच्या पुढचं, पण घरी कळलं तर संपलंच. म्हणजे इतरांच्या बाबतीत 'आम्ही फक्त मित्र आहोत' ही प्रेम लपवायची सबब असते, यांना ती सबबसुद्धा परवडत नाही कारण मित्र असणं हाच मुळात गुन्हा. हे डोक्यात ठेव, नावाची सगळी गंमत त्यात आहे.

आता शब्द. 'खॅ' म्हणजे फक्त, एवढंच. 'फुअन' म्हणजे मित्र किंवा मैत्रीण, थाईत फरक नाही. उच्चार मी आपला लिहायला म्हणून फुअन लिहितेय, खरा तो 'उ' नाहीचे, 'ऊ' म्हण पण ओठांचा चंबू करू नकोस, दात दिसू देत, जे काही निघेल ते त्याच्या जवळपास असेल. आणि फ आपल्या फळातला, कॉफीतला नाही. दुसरा फुअन ही हाक आहे. म्हणजे आधी विधान, मग ज्याला सांगतोय त्याला हाक, 'मित्रच... मित्रा'. थाईत नामाला विभक्तीबिभक्ती काही नसते त्यामुळे विधानातला मित्र आणि हाकेतला मित्र तंतोतंत सारखे दिसतात आणि ते दोनदा आपटल्यासारखं ऐकू येतं.

राहिला ख्रप. हा शब्द 'खोरप' चं घासून झालेलं रूप आहे, शब्दशः 'मागून घेतो', म्हणजे आपल्याकडचं 'आज्ञा असावी' टाइप काहीतरी, आता त्याचा अर्थ कोणाच्या डोक्यात नसतो. बोलताना र गळून नुसतं 'खप' होतं, लाडात आलं की 'खाऽप'. पुरुषाने वाक्याच्या शेवटी अदबीसाठी लावायचा. बाई बोलत असेल तर ख्रप नाही, 'खा'.

या 'खा' वर माझी पहिली आठवडाभर फजिती. गल्लीच्या तोंडाशी कच्च्या पपईची कोशिंबीर कुटून देणारी बाई होती, सोमतम म्हणतात त्याला, ती प्रत्येक वाक्य 'खा' वर संपवायची आणि मी मनातल्या मनात अगो बाई खातेय की, किती आग्रह! नंतर कळलं ती मला अहोजाहो करत होती. आणि मग मी शहाणपणा करायला गेले. आमच्या बिल्डिंगचा वॉचमन दिवसभर सवातदी ख्रप, सवातदी ख्रप करायचा (सवातदी म्हणजे नमस्कार, मुळात 'स्वस्ति' च आहे तो), मीही एक दिवस त्याला छान हात जोडून सवातदी ख्रप म्हटलं. तो हसला, लिफ्टमधली बाई हसली, लिफ्टमधल्या बाईचं पोरगं हसलं. मी स्वतःला पुरुष करून घेतलं होतं ना. आपल्याकडे एखादा परप्रांतीय जावई बायकोकडून मराठी शिकतो आणि सासऱ्यांना 'बाबा मी येते हं' म्हणतो, तेच.

आणि खरी गोम इथेच आहे, म्हणून जरा थांबते. थाई ख्रप आणि खा बोलणारा कोण ते सांगतात. आपले रे, गं, हो हे ऐकणारा कोण ते सांगतात. 'काय रे' कोणीही म्हणू दे, आई, बाप, आजी, पण समोर मुलगा आहे हे नक्की. बोलणाऱ्याचं लिंग मराठीत क्रियापदात जातं, जातो जाते, येतो येते, आणि थाई क्रियापद बिचारं कोरडं असतं, त्याला ना लिंग ना वचन ना पुरुष. म्हणजे ओझं दोघांकडे आहे फक्त वेगवेगळ्या खुंटीला अडकवलंय. त्यामुळे ख्रप ला 'रे' लावून मोकळं होता येत नाही, दिशाच उलटी आहे. शिवाय रे मधे अदब नाही.

मग 'हो'? हा फारच जवळ येतो, इतका की पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी एकटीच हसत बसले होते. नुसतं 'ख्रप' म्हटलं तर थाईत त्याचा अर्थ होकार. नुसतं 'हो' म्हटलं तर मराठीत होकार. आणि शेपटीला लावलं, 'काय हो', 'बसा हो', की अदब. एकच शब्द दोन्ही कामं करतो, दोन्हीकडे. (उगाच मूळ एक असेल वगैरे काढत बसू नकोस, तसं काही नाहीये. थाईत वाक्य मऊ करायला शेवटी 'ना' पण लावतात, अगदी आपल्या 'चल ना' सारखं वाटतं, तोही योगायोगच.) पण 'मित्रच आहोत हो' हे वाक्य मोठ्याने म्हणून बघ. जिन्यात भेटलेल्या जोशीकाकांना दिलेलं स्पष्टीकरण वाटतं. वीस वर्षांची दोन पोरं एकमेकांना हो लावत नाहीत.

आणि या सिरीजांमधे तर एकमेकांचे जिगरी मित्र बोलताना 'कू' आणि 'मुंग' वापरतात, मी आणि तू ची सगळ्यात रांगडी रूपं, बाहेरच्या माणसाला म्हटली तर शिवी दिल्यासारखं. एक गंमत सांगते, जुना थाई राजा रामखाम्हेंगचा इ.स. १२९२ चा मानला जाणारा शिलालेख आहे, त्याची सुरुवातच 'माझ्या बापाचं नाव श्री इंद्रादित्य' अशी आहे आणि तिथे राजा स्वतःला कू म्हणवतो, तेव्हा तो शब्द साधा होता, नंतर घसरला. तर असं, कू मुंग करणाऱ्या दोस्ताला मधेच ख्रप लावायचा म्हणजे ती खरी अदब नव्हे, तो टोमणा आहे, खोटा साळसूदपणा. घरातल्या भांडणात बायको अचानक 'बरं साहेब' म्हणते तसा.

म्हणून माझं मत राव. मूळ राजा, त्याचा राव झाला, नावापुढे मानाने लागला, गणपतराव, माधवराव, आणि तिथून घरंगळत कट्ट्यावर आला, 'काय राव', 'चल ना राव'. मान आहे पण गमतीतला, आणि लागतो तो दोस्तालाच. विदर्भातल्या मुली असतील तुमच्या ग्रुपमधे तर त्या 'जी' सुचवतील, तोही छान आहे पण त्यात खरीखुरी अदब अजून शिल्लक आहे, टोमणा नीट बसत नाही. राव ची एकच उणीव, तो मुलीही म्हणतात, त्यामुळे बोलणारा पुरुष आहे ही ख्रप मधली माहिती हरवते. हरवू दे, पोस्टरवर दोन मुलगे दिसतायत की.

आता 'फक्त'. सबटायटलवाले डोळे मिटून फक्त टाकतात. 'नुसते' बरं, त्यात थोडी झटकून टाकायची भावना आहे. पण मराठीत यासाठी एका अक्षराचं हत्यार आहे, च. 'मित्र आहे' म्हटलं तर कोणी वळून बघत नाही, 'मित्रच आहे' म्हटलं की चहा ओतणाऱ्या काकूचा हात थांबतो. च जितका ठासावा तितकं कमी खरं वाटतं आणि आपल्याला तेच पाहिजे.

मित्र की दोस्त? इथे मी बराच वेळ अडले. मित्र घेतला तर हाकेत 'मित्रा' होतो आणि दोनदा तोच शब्द आपटायची मजा जाते, वर मित्रा मधे भाषण सुरू झाल्याचा वास येतो. दोस्त ला मात्र हाकेत 'दोस्ता' करता येतं तसंच नुसतं 'दोस्त' पण चालतं. आणि क्रियापद उडव. 'आहोत' लिहिलंस की दोघांनी मिळून सांगितलं, 'आहे' लिहिलंस की एकाने दुसऱ्याबद्दल, थाईत यातलं काहीच ठरलेलं नाही आणि न ठरलेलं असण्यातच बारा भाग निघतात. तर, 'दोस्तच राव, दोस्त'. स्वल्पविरामाला जरा थांब, बाकी थाईसारखंच वाजतं.

फी. पहिलं म्हणजे ते 'फी' असं लिहूच नका, तुम्ही इंजिनिअरिंगच्या पोरी, सबटायटलमधे 'फी प्रान' दिसलं की हप्ता भरायची तारीख आठवेल. उच्चारात सूर वरून खाली आणायचा, खालून वर नेला तर अर्थ होतो भूत. अर्थ, आपल्यापेक्षा मोठं भावंड. बघ, भावंड. दादाही नाही आणि ताईही नाही, थाईत वय महत्त्वाचं, लिंग नाही. लहान असेल तर 'नाँग', तिथेही तसंच. आपल्याकडे भावंड हा शब्द आहे नपुंसकलिंगी आणि अर्थाने अगदी चपखल, पण 'ए भावंडा' अशी हाक मारून बघ कोणाला.

पॅटची धाकटी बहीण पा, ती प्रानला फी म्हणते तिथे दादा बिनधास्त लिही, शेजारचा मोठा मुलगा तो दादाच. कॉलेजमधले ज्युनियर सीनियरला म्हणतात तिथे मात्र तुमच्या कॉलेजात जे चालतं ते बघा, कुठे दादा, कुठे भाऊ, मेडिकलला तर सरळ सर. फजिती होते ती प्रेमात. थाईत प्रियकर वयाने मोठा असेल तर त्याला फी म्हणतात, बायको नवऱ्यालाही म्हणते, त्यात वावगं काही नाही. मराठीत प्रेयसीने किंवा प्रियकराने 'दादा' म्हटलं की विषय संपला, राखीच बांधली. २०१६ च्या 'सोटस' या थाई सिरीजमधे हीच पंचाईत, तिथला हिरो प्रथम वर्षाचा आणि त्याचं प्रेम बसतं ते तिसऱ्या वर्षाच्या ओरडणाऱ्या सीनियरवर, सिरीजभर त्याला फी आथित, फी आथित. अशा ठिकाणी काहीजण 'अहो' सुचवतील. कल्पना वाईट नाही, आपल्या आज्यांनी नाव न घेता अख्खा संसार त्या अहो वर केला, फी चं काम तेच. पण होस्टेलच्या गॅलरीत एक मुलगा दुसऱ्याला अहो म्हणाला की एका क्षणात मंगळसूत्र दिसायला लागतं. माझा सल्ला, प्रेमाच्या सीनमधे फी गाळा आणि वाक्यात 'तुम्ही' किंवा नुसतं नाव ठेवा, किंवा मुळातलाच शब्द 'पी' असा लिहून पहिल्या भागात एकदा समजावून टाका. बघणाऱ्या पोरी हुशार असतात, दुसऱ्या भागापर्यंत स्वतःच एकमेकींना पी म्हणायला लागतील.

आणि 'फॅन' आलं तर चाहता लिहू नका! शब्द इंग्रजीतूनच गेलाय पण थाईत त्याचा अर्थ बॉयफ्रेंड, गर्लफ्रेंड, चक्क नवरा बायकोसुद्धा, सगळ्यांना एकच. जोडीदार बसतो, जरा लग्नाच्या जाहिरातीतला वाटतो पण बसतो. प्रेक्षक आपल्या मनाने ज्यांची जोडी लावतात त्यांना 'खू जिन' म्हणतात, खू म्हणजे जोडी आणि जिन हे 'इमॅजिन' चं शेपूट. आणि कायद्याने लग्न केलेला जोडीदार तो 'खू सोमरोत', यातला सोमरोत म्हणजे आपला समरस, खरंच. पती पत्नी हे शब्द काढून कायद्यात तिथे हा लिंग नसलेला शब्द घातला आणि २३ जानेवारी २०२५ पासून तिथे मुलामुलांची, मुलीमुलींची लग्नं रीतसर नोंदवली जायला लागली.

आता एक चूक कबूल करते. पॅट हे नाव मला कितीतरी दिवस पॅट्रिकमधलं वाटत होतं, थाई मुलांची टोपणनावं बऱ्याचदा इंग्रजी असतात म्हणून. मग एकदा लिहिलेलं नीट वाचलं, अरे हा तर भद्र! थाईत भ चा फ होतो आणि शेवटचा द्र नुसता त होऊन बसतो, म्हणून 'फत', रोमन लिपीत पॅट. प्रान म्हणजे तर उघड उघड प्राण. सोटसमधला आथित म्हणजे आदित्य. आणि ज्या दोन फॅकल्ट्या मारामारी करतात त्यांची थाई नावं विश्वकर्म आणि स्थापत्यकर्म यांवरून आलीयेत, पहिली इंजिनिअरिंग, दुसरी आर्किटेक्चर. आपल्या सरकारी मराठीत स्थापत्य अभियंता म्हणजे सिव्हिल इंजिनिअर, म्हणजे प्रान आपल्याकडे असता तर कागदोपत्री पॅटच्याच गोटात गेला असता. अजून एक, हे सगळे शिकतात ती जागा 'महाविथयालय', पण तिथे त्याचा अर्थ युनिव्हर्सिटी, तेव्हा ऐकून महाविद्यालय लिहू नकोस, विद्यापीठ लिही.

बाकी पाचव्या भागातला गच्चीवरचा सीन कराल तेव्हा मला आधी पाठव. तिथे एकही राव नको.