'नाते' या रकान्यात काय लिहायचं?

वैशाली आणि रेश्मा (नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) आमच्याकडे कायद्याचा सल्ला घ्यायला पहिल्यांदा आल्या तेव्हा बसता बसताच विचारलं, "मॅडम, आमचं लग्न रजिस्टर होईल का? आम्हाला मूल हवंय."

वैशाली ३४ वर्षांची, मिरजेत खासगी दवाखान्यात नर्स. रेश्मा तिच्याहून दोन वर्षांनी मोठी, विश्रामबागेत शिकवण्या घेते. सहा वर्षांचा संसार. सोसायटीच्या वहीत मात्र दोघी 'मावसबहिणी'. एका एजंटाने नोटरीसमोर 'विवाहाचं प्रतिज्ञापत्र' करून देतो म्हणून १२ हजार सांगितले होते आणि निम्मे घेतलेही होते.

त्या पैशांवर पाणी सोडा, हे पहिल्याच भेटीत सांगावं लागलं. नोटरीला लग्न लावायचा अधिकारच नाही, मग जोडपं कुठलंही असो. दोघींना वाटत होतं, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ गेलं म्हणजे लग्नाचंही झालं. तसं नाही. सप्टेंबर २०१८ च्या निकालाने प्रौढांमधले संमतीचे संबंध गुन्हा राहिले नाहीत, इतकंच. लग्नाचा प्रश्न सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांपुढे गेला आणि १७ ऑक्टोबर २०२३ ला उत्तर आलं: लग्न हा मूलभूत हक्क नाही, १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात बदल करायचा तर तो संसदेने करावा. फेरविचाराचे अर्ज जानेवारी २०२५ मध्ये फेटाळले गेले. परदेशात जाऊन लग्न लावलं तरी इथे ते धरलं जात नाही.

रेश्मा गप्प झाली. वैशालीने मात्र लगेच पुढचं विचारलं, "मग मूल?"

मुलाच्या बाबतीत कायदा जोडप्याला ओळखत नाही, एकट्या बाईला ओळखतो. सगळी आखणी इथून सुरू होते, आणि दुखतंही इथेच. कागदावर आई एकच होणार.

दत्तकाचा रस्ता आधी तपासला. एकट्या बाईला मुलगा किंवा मुलगी, कुणीही दत्तक मिळू शकतं (एकट्या पुरुषाला मुलगी मिळत नाही). दोन वर्षांच्या आतलं बाळ हवं तर नोंदणीच्या वेळी तिचं वय ४० पेक्षा जास्त नको. वयात दोघीही बसत होत्या. अडचण गृहभेटीची. सामाजिक कार्यकर्ती घरी येते, घरात कोण कोण राहतं ते लिहून घेते. जोडीदारासोबत लग्नाविना राहणाऱ्या एकट्या अर्जदाराचा विचार करू नये, असं केंद्रीय दत्तक प्राधिकरणाचं जून २०२२ चं परिपत्रक आहे. जोडप्याला दत्तक हवं तर दोन वर्षांचं स्थिर वैवाहिक नातं लागतं, ही अट २०२३ च्या निकालातल्या बहुमतानेही कायम ठेवली. रेश्माला त्या दिवसापुरतं माहेरी पाठवू, असं वैशाली म्हणाली. खोट्या माहितीवर मूल घरात आणायचं आणि पुढे कुणी तक्रार केली की सगळंच धोक्यात, हा सल्ला आम्ही देत नाही.

सरोगसी तर बंदच. २०२१ च्या कायद्यानुसार ती विवाहित स्त्री-पुरुष जोडप्याला, किंवा ३५ ते ४५ वयाच्या विधवा अथवा घटस्फोटित बाईलाच. उरलं आययूआय (वीर्य थेट गर्भाशयात सोडणं) किंवा आयव्हीएफ (शरीराबाहेर गर्भ तयार करणं). २०२१ च्याच दुसऱ्या कायद्यात २१ ते ५० वयाच्या एकट्या बाईला ते उघडं आहे. दात्याचं वीर्य नोंदणीकृत बँकेतूनच येतं. कॉलेजातला एक मित्र तयार आहे, असं रेश्मा म्हणाली होती. तो विषय तिथेच मिटवला. बँकेतल्या दात्याचे पालक म्हणून सगळे हक्क कायद्यानेच संपतात. घरगुती पद्धतीने मित्राकडून मूल झालं तर तो उद्या बाप म्हणून उभा राहू शकतो.

गर्भ कुणी वाढवायचा यावर तीन भेटी गेल्या. वैशालीची नोकरी पक्की, तपासण्याही ठीक. पण रेश्माच्या मनातलं तिसऱ्या भेटीत बाहेर आलं: "डबा मी भरणार, ताप आला की मी जागणार. आणि भांडण झालं तर ही बाळाला घेऊन जाईल, मी दारात उभी." यावर कायद्यात उपाय नाही. दुसऱ्या आईला नंतर दत्तक द्यायचं म्हटलं, तर दत्तक होताच जन्म देणारीचं नातं तुटतं. दोन्ही आया राहतील अशी सोय नाही. दोघींनी एकमेकींना लिहून दिलं: वेगळं झालो तरी भेटी चालू राहतील, खर्च निम्मा निम्मा. कोर्ट शेवटी मुलाचं हित बघतं, या कागदाने ते बांधलं जात नाही, हे लिहितानाच सांगितलं. तरी तो लिहिल्यावर रेश्मा पहिल्यांदा बाळाच्या नावाबद्दल बोलली.

मग मृत्युपत्र. हे बाळाच्या आधी, कारण वैशालीचा भाऊ "फ्लॅट घरातच राहिला पाहिजे" असं दोनदा बोलून गेला होता. अविवाहित, मूल नसलेली हिंदू बाई मृत्युपत्राविना गेली, तर स्वकमाईचीही मालमत्ता आधी आईवडिलांकडे, ते नसतील तर वडिलांच्या वारसांकडे, म्हणजे भावाकडे. सहा वर्षांच्या जोडीदाराला शून्य. वैशालीला अर्धा फ्लॅट रेश्माला बक्षीसपत्राने द्यायचा होता. नवऱ्याला किंवा बायकोला राहतं घर बक्षीस दिलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये. रेश्मा कायद्याने परकी, तिला खरेदीखताच्या दराने. वर ५० हजारांपुढच्या बक्षिसावर घेणाऱ्याला आयकर. मृत्युपत्राने मिळालं तर यातलं काहीच नाही.

साध्या कागदावर लिहिलं, तारीख घातली, दोन साक्षीदारांसमोर सही. साक्षीदार वैशालीपेक्षा वयाने लहान निवडले. साठीतल्या शेजाऱ्यांना साक्षीला घेतात आणि गरज पडते तेव्हा ते नसतात. भावाला का वगळलं हेही दोन ओळींत लिहिलं. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडे केली. बाळ झाल्यावर नवं मृत्युपत्र केलं: फ्लॅट मुलीचा, रेश्माला तिथे हयातभर राहण्याचा हक्क, आणि मुलीची पालक म्हणून रेश्माची नेमणूक. १९५६ च्या पालकत्व कायद्यात अविवाहित आईला मृत्युपत्राने पालक नेमता येतो. त्या कलमात मुलासाठी 'अनौरस' हाच शब्द आहे, तो वाचून वैशालीने कागद उलटा ठेवला. कलम मात्र उपयोगाचं आहे. आजी-आजोबा तरीही कोर्टात जाऊ शकतात, म्हणून लसीकरणाच्या कार्डावर सोबत कोण होतं, फी कुणी भरली, याच्या पावत्या रेश्मा एका प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये जपते.

मुखत्यारपत्रावर भरवसा ठेवू नका. देणारीचं भान गेलं किंवा ती वारली की ते संपतं, आणि गरज नेमकी तेव्हाच असते. त्याऐवजी आजारपणासाठी आगाऊ वैद्यकीय निर्देश केला: दोन साक्षीदार, नोटरीची सही, निर्णय घेणाऱ्यांत रेश्मा आणि वैशालीची मामी. बँकेचं काम सोपं गेलं. संयुक्त खात्याला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला बंदी नाही, असं अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्येच कळवलंय. फक्त नॉमिनी पैसे हातात घेतो, मालक वारसच. म्हणून मृत्युपत्रात खात्याचाही उल्लेख हवा.

जन्मदाखल्यासाठी वडिलांचं नाव मागितलं गेलं. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, एकट्या आईकडून फक्त प्रतिज्ञापत्र घ्यावं. त्या निकालाची प्रत दाखवल्यावर काम झालं, दुसऱ्या खेपेला.

बाळंतपणाच्या दिवशी दाखल करण्याच्या फॉर्मवर 'नाते' हा रकाना आला. रेश्माने 'मावसबहीण' लिहायला घेतलं, 'मा' पर्यंत येऊन थांबली, खोडलं आणि 'जोडीदार' लिहिलं. खिडकीतल्या मुलीने फॉर्म बघितला, शिक्का मारला.

मुलगी आता सात महिन्यांची आहे. एक काम राहिलंय. कुटुंब नव्हतं म्हणून भविष्य निर्वाह निधीत वैशालीने रेश्माला नॉमिनी केलं होतं. मूल झालं की कुटुंब झालं आणि ते नामनिर्देशन आपोआप रद्द होतं. नवा फॉर्म मुलीच्या नावाने भरायचाय, तो अजून त्याच फाइलमध्ये कोरा आहे.