डास एकाचं रक्त दुसऱ्याला टोचत नाही, स्वतःची लाळ सोडतो

ताई, पुतण्याला डेंगू झालाय, त्याला चावलेलाच डास लगेच तुम्हाला चावला आणि हातावर ही मोठी गांध उठली, म्हणून तुम्ही घाबरलात. त्या एका चाव्याने पुतण्याचा डेंगू लगेच तुम्हाला लागत नाही, आणि गांधीचा डेंगूशी संबंध नाही.

चावते ती मादी. तिच्या सोंडेत सहा बारीक सुया असतात. रक्त ओढायची नळी वेगळी, लाळ सोडायची वेगळी. पुतण्याचं रक्त तुमच्या अंगात गेलंच नाही, गेली ती लाळ. खाज सुटते तीही त्या लाळेतल्या प्रथिनांमुळे.

पण ही लाळ भारी बेरकी! सुई टोचली की रक्त थांबवणाऱ्या आपल्या पेशी, प्लेटलेट्स, एडीपी नावाच्या रसायनाच्या इशाऱ्यावर गोळा होतात. लाळेतलं अपायरेज हे विकर (एन्झाइम) तो एडीपीच मोडून टाकतं. एडिसच्या, म्हणजे डेंगू पसरवणाऱ्या डासाच्या, लाळेतलं सायलोकायनिन रक्तवाहिन्या सैल करतं. लाळेतलीच डी-७ प्रथिनं जखमेवर आपलं शरीर सोडतं ती हिस्टामिन, सेरोटोनिन ही रसायनं धरून ठेवतात. विषाणूचंही यात फावतं. उंदरांवरच्या प्रयोगांत नुसता विषाणू टोचला त्यापेक्षा डासाच्या चाव्यासोबत दिला तेव्हा संसर्ग जोरात झाला. चाव्याच्या जागी सूज येते, तिथे संरक्षणाला धावलेल्या पेशींतच काही विषाणू वाढतात.

आता मुद्द्याचं. पुतण्याच्या रक्तातून घेतलेला विषाणू आधी डासाच्या पोटात वाढतो, मग लाळग्रंथींत पोचतो. याला साधारण 8 ते 12 दिवस लागतात. त्यानंतर मात्र ती मादी मरेपर्यंत डेंगू पसरवू शकते. (आपल्या विदर्भातल्या हत्तीपायाची गोष्ट निराळी. त्याच्या अळ्या लाळेतून जात नाहीत, सोंडेतून कातडीवर उतरून चाव्याच्या भोकातून आत शिरतात.)

म्हणून पुतण्याला ताप असेपर्यंत दिवसाही मच्छरदाणीत झोपवा, एडिस मुख्यतः दिवसा चावतो. आणि कूलर! नागपुरात उन्हाळा संपला तरी तो खिडकीतच असतो, टाकीत पावसाचं पाणी. नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी टाकीच्या भिंतीला चिकटतात, कोरडी पडूनही महिनोन्महिने टिकतात. ब्रशने खरवडून घासा, जुनं गवत फेकून द्या.

पुतण्याला विषाणू देणारा डास अजून घरात असू शकतो, त्यामुळे तुम्हाला ताप आलाच तर पॅरासिटामॉल घ्या. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन नको, रक्तस्रावाचा धोका वाढतो. आणि त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा.