पामची झावळी कधी कापायची?
टोकं तपकिरी दिसली म्हणून लगेच कात्री लावू नका. पाम जुन्या पानांतलं पोटॅशियम ओढून नव्या पानांना पुरवतो. अर्धी हिरवी झावळी कापलीत तर तो वरच्या पानातून ओढू लागतो आणि पिवळेपणा वर चढत जातो. देठापर्यंत पूर्ण वाळली की मगच कापा, खोडाशी ४-५ सेंटिमीटर देठ ठेवून. हिसडून ओढू नका. पामच्या खोडाची जखम भरत नाही. रॉयल पाम झावळ्या आपणहून टाकतो, तिथे घाई कशाला? मधला कोंबच वाळत असेल, तर मात्र प्रश्न छाटणीचा नाही. दुसऱ्या झाडाला हात लावण्याआधी करवत १ भाग ब्लीच, ३ भाग पाण्यात ५ मिनिटं बुडवून धुवा. फ्युझेरियम बुरशी पात्यावरूनही पसरते.