महामारीतली फी आणि पदव्युत्तर विद्यार्थी : वाचकांचे प्रश्न

कोविडमुळे दीड वर्ष वर्ग मोबाइलवर भरले, २०२१ मध्ये फीची पावती मात्र पूर्वीच्याच आकड्याची निघत होती. एमए, एमकॉम, एमएस्सी करणाऱ्या कर्नाटक सीमाभागातल्या वाचकांची यावर बरीच पत्रे आली. त्यांतल्या निवडक प्रश्नांची उत्तरे इथे दिली आहेत; त्यांतल्या योजना, रकमा आणि मुदती २०२१ च्या आहेत.

प्रश्न : मी एमएस्सी रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या वर्षी प्रयोगशाळेत जेमतेम काही दिवस गेलो. आम्ही चाळीस जणांनी सह्या करून ‘फी निम्मी करा’ असे निवेदन दिले. ‘शक्य नाही’ एवढेच उत्तर आले. आता काय करावे? – एक विद्यार्थी, निपाणी

उत्तर : तुमची मागणी रास्त आहे, मांडणी मात्र बदलावी लागेल. ‘निम्मी फी’ कशाच्या आधारावर, हे निवेदनात नसेल तर लेखा विभागाला ते एका ओळीत परत पाठवता येते. फी हा एक आकडा नसतो, ती अनेक बाबींची बेरीज असते. पावती समोर घ्या आणि बाबीनिहाय मागणी करा. मग कार्यालयालाही प्रत्येक बाबीचे उत्तर द्यावे लागते.

उदाहरणासाठी समजा, पावती १८,००० रुपयांची आहे : शिकवणी ९,०००, प्रयोगशाळा ३,०००, परीक्षा २,४००, ग्रंथालय ८००, जिमखाना ६००, नोंदणी व ओळखपत्र ६००, इंटरनेट ५००, अनामत ५००, सांस्कृतिक ४००, वैद्यकीय तपासणी २००. जिमखाना, सांस्कृतिक आणि वैद्यकीय या सुविधा मिळाल्याच नसतील तर त्या बाबी पूर्ण माफ मागा; हे झाले १,२०० रुपये. इंटरनेटचे ५०० रुपयेही पूर्ण मागा, कारण डेटा पॅक तुम्ही स्वतःच्या खिशातून भरलात. प्रयोगशाळेची फी पूर्ण माफ मागू नका. रसायने, काचसामान, गॅस वाचला हे खरे, पण उपकरणांची देखभाल आणि प्रयोगशाळा सहायकाचा पगार चालूच होता. तिथे निम्मी, म्हणजे १,५०० रुपये. ग्रंथालयाचेही तसेच, ४०० रुपये. एकूण ३,६०० रुपये, म्हणजे बरोबर २० टक्के. हा आकडा तुम्ही कोणत्याही बैठकीत टिकवू शकता. ज्या सत्राची परीक्षा झालीच नाही आणि अंतर्गत गुणांवर तुम्हाला पुढच्या सत्रात घेतले गेले, त्या सत्राची परीक्षा फी पुढच्या सत्रात वळती करून मागा. माफीपेक्षा वळती करणे कार्यालयाला सोपे जाते.

शिकवणी फीला हात घालताना सावध राहा. विनाअनुदानित तत्त्वावर चालणाऱ्या अभ्यासक्रमांत अतिथी प्राध्यापकांचे मानधन बहुधा याच पैशातून निघते. ती फी कापली की पहिला फटका त्यांनाच बसतो, आणि या काळात त्यांचे हाल विद्यार्थ्यांपेक्षा कमी झालेले नाहीत. म्हणून शिकवणी फीसाठी सरसकट कपात नको. हप्ते मागा : प्रवेशावेळी ४० टक्के, नंतर ३० आणि ३०. विलंब दंड माफ व्हावा आणि थकबाकीसाठी हॉल तिकीट अडवू नये, हेही त्याच अर्जात लिहा. फी भरण्याच्या बाबतीत विद्यार्थ्यांकडे सहानुभूतीने पाहावे आणि भरण्याचे पर्याय द्यावेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०२० मध्येच सर्व विद्यापीठांना कळवले आहे. त्या पत्राची प्रत जोडा.

अर्ज कुलसचिवांच्या नावे करा आणि एक प्रत वित्त अधिकाऱ्यांना द्या. विभागप्रमुखांकडे दिलेला अर्ज पुष्कळदा विभागातच राहतो, कारण फी कमी करण्याचा अधिकार त्यांना नसतो. हा विषय वित्त समितीतून सिंडिकेटपुढे, म्हणजे विद्यापीठाच्या कार्यकारी मंडळापुढे, जावा लागतो. ‘पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्यावा’ हे वाक्य अर्जात हवेच. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि इनवर्ड नंबर (आवक क्रमांक) घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. आणि हे सारे फीची मुदत संपण्याआधी करा. पैसे जमा झाल्यावर तीच मागणी परताव्याची होते आणि परताव्याची फाईल कितीतरी हळू चालते.

तुम्ही विद्यापीठाच्या आवारात नव्हे तर संलग्न कॉलेजात शिकत असाल, तर पावतीतला विद्यापीठाचा वाटा आणि कॉलेजचा वाटा वेगळा करून घ्या. कॉलेज स्वतःच्या वाट्यापुरतीच सूट देऊ शकते. उरलेल्यासाठी विद्यापीठाकडे वेगळा अर्ज लागेल. पावतीशिवाय मागितलेली कोणतीही रक्कम भरू नका.

प्रश्न : सुप्रीम कोर्टाने १५ टक्के फी कमी केली असे ऐकले. ते आम्हाला लागू नाही का? – अथणी

उत्तर : थेट लागू नाही. ३ मे २०२१ चा तो निकाल राजस्थानातल्या खासगी शाळांबद्दल आणि २०२०-२१ या वर्षापुरता आहे. ‘कोर्टाचा आदेश आहे’ असे लिहिलेत तर तेवढ्या एका चुकीवर अर्ज फेटाळला जाईल. निकालामागचे कारण मात्र जरूर वापरा : इमारत बंद राहिल्याने इंधन, वीज, पाणी, देखभाल, लेखनसामग्री यांवरचा संस्थेचा खर्च वाचला, तो वाचलेला पैसा संस्थेने स्वतःकडे ठेवू नये. हाच विचार विद्यापीठानेही करावा, अशी विनंती करता येते.

प्रश्न : आमची दोन एकर शेती. वडील शेतीबरोबर एका कारखान्यात जात होते, ते काम सुटले. मी एकुलती एक मुलगी, एमकॉमच्या पहिल्या वर्षाला. आम्ही मराठा. कोणती शिष्यवृत्ती मिळेल? – खानापूर तालुका

उत्तर : २०२१ मध्ये तुमच्यासारख्या मुलीसाठी तीन वाटा होत्या.

पहिली, ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री रयत विद्यानिधी योजना. तीत शेतकऱ्याच्या पदव्युत्तर शिकणाऱ्या मुलाला वर्षाला १०,००० आणि मुलीला ११,००० रुपये ठरवले होते. यात अडते ते जमिनीच्या नोंदीवर. वडिलांचा एफआयडी क्रमांक (शेतकरी ओळख क्रमांक) लागतो, तो कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात काढून मिळतो; पण उताऱ्यावर वडिलांचे नाव असेल तरच. आपल्याकडे पुष्कळ घरांत जमीन अजून आजोबांच्याच नावावर असते. तसे असेल तर आधी वारसा नोंद करून घ्यावी लागेल आणि तिला वेळ लागतो. उतारा आजच काढून पाहा.

दुसरी, मागासवर्गीय कल्याण खात्याची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि फी सवलत. कर्नाटकात मराठा समाज ३-ब प्रवर्गात आहे आणि या प्रवर्गाला २०२१ मध्ये उत्पन्नाची मर्यादा वर्षाला एक लाख रुपये होती. काम सुटण्यापूर्वीचा दाखला जोडलात तर त्यावरचे जुने उत्पन्नच धरले जाईल. महसूल खात्याच्या नाडकचेरीत नवा दाखला मागा. तलाठी चौकशीला येतील तेव्हा काम सुटल्याचे पत्र किंवा पगार थांबल्याचे बँक पासबुक दाखवा.

तिसरी, विद्यापीठ अनुदान आयोगाची त्या वेळी चालू असलेली एकुलत्या एका मुलीसाठीची इंदिरा गांधी पदव्युत्तर शिष्यवृत्ती : वर्षाला ३६,२०० रुपये, दोन वर्षे. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर होत असे आणि पहिल्या वर्षातच करावा लागे.  भाऊ-बहीण नसल्याचे प्रतिज्ञापत्र लागे.

राज्याच्या शिष्यवृत्तीचा अर्ज एसएसपी (राज्य शिष्यवृत्ती) पोर्टलवर भरायचा. तिथे अर्ज अडकण्याची कारणे ठरावीक आहेत. दहावीच्या गुणपत्रिकेवरचे नाव आणि आधारवरचे नाव यांत एका अक्षराचा फरक असतो. जात-उत्पन्नाच्या दाखल्यावर नाव कन्नडमध्ये असते, तिथे आडनाव वेगळे लिहिलेले निघते. म्हणून दाखला हातात पडताच कन्नड वाचणाऱ्या कुणाकडून तो तपासून घ्या, पोर्टलवर दाखल्याचा आरडी क्रमांक टाकण्याच्या वेळी नव्हे. अभ्यास प्रमाणपत्र, फी पावती अशा कागदांना कॉलेजमधून ई-अटेस्टेशन (ऑनलाइन साक्षांकन) क्रमांक घ्यावा लागतो. आणि खाते पतसंस्थेत असेल तर पैसे येणार नाहीत. आधारशी जोडलेले बँक खातेच हवे. दोन बँकांत आधार दिले असेल तर शेवटी जोडलेल्या बँकेत रक्कम जाते. रक्कम हरवली असे वाटले की आधी ती बँक पाहा.

प्रश्न : कोल्हापूरला आणि बेळगावला, दोन्हीकडे प्रवेश घेतला. कोगनोळी नाक्यावर दर वेळी आरटीपीसीआर मागतात, जाणे-येणे परवडत नाही. कोल्हापूरचा प्रवेश रद्द केला तर फी परत मिळेल का? – निपाणी

उत्तर : मिळेल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या जुलै २०२१ च्या सूचनेनुसार ३१ ऑक्टोबर २०२१ पर्यंत प्रवेश रद्द केल्यास पूर्ण फी परत करायची होती. त्यानंतर ३१ डिसेंबर २०२१ पर्यंत प्रक्रिया खर्च म्हणून जास्तीत जास्त १,००० रुपये कापता येत होते. विद्यापीठ महाराष्ट्रातले असो वा कर्नाटकातले, सूचना एकच होती. अर्ज ईमेलने आणि रजिस्टर पोस्टाने पाठवा, म्हणजे तारखेचा पुरावा राहतो. सोबत रद्द केलेला चेक आणि मूळ पावतीची प्रत जोडा. मूळ गुणपत्रिका संस्थेने ठेवून घेतल्या असतील तर त्याही मागा. तपासून लगेच परत देणे संस्थेवर बंधनकारक आहे.

प्रश्न : अर्ज मराठीत दिला तर घेतील का? – बेळगाव

उत्तर : घ्यायला हवा. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमानुसार तक्रार-निवेदन त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येते. आमचा सल्ला : मूळ अर्ज मराठीत ठेवा आणि कन्नड किंवा इंग्रजी प्रत जोडा, म्हणजे भाषेचे निमित्त करून अर्ज पडून राहत नाही.

माहिती अधिकाराचा नियम वेगळा आहे. तो अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेतच करावा लागतो, म्हणजे इथे कन्नड. कर्नाटकात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. विचारायचे इतकेच : २०२०-२१ मध्ये ग्रंथालय, जिमखाना आणि प्रयोगशाळा या बाबींखाली किती रक्कम जमा झाली आणि किती खर्च झाली? शिल्लक दिसली की निपाणीच्या विद्यार्थ्याला सांगितलेल्या मागणीला कागदाचे बळ मिळते.

प्रश्न : फीसाठी शैक्षणिक कर्ज काढावे का? – बेळगाव, शहापूर

उत्तर : वीस-पंचवीस हजारांसाठी नको, हप्ते मागा. एमबीएसारखी लाखांची फी असेल तर विचार करा. चार लाखांपर्यंत तारण आणि स्वतःचा हिस्सा लागत नाही. परतफेड अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराने सुरू होते, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढते. जमेल तसे व्याज दरमहा भरत राहा. कोविडकाळात कर्जदारांना मिळालेल्या, ३१ ऑगस्ट २०२० ला संपलेल्या हप्ते-स्थगितीतही व्याज थांबले नव्हते.

प्रश्न : वडील मे महिन्यात कोविडने गेले. मी २२ वर्षांचा, एमए दुसरे वर्ष. आई शिवणकाम करते. फी भरणे शक्य नाही. – चिकोडी तालुका

उत्तर : तुमच्यावर कोसळलेल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. शिक्षण सोडू नका. पीएम केअर्सची बालकांसाठीची योजना अठरा वर्षांखालच्यांसाठी आहे, तिच्यामागे वेळ घालवू नका. कुटुंब दारिद्र्यरेषेखालच्या रेशनकार्डाचे असेल, तर घरातली कमावती व्यक्ती गेल्याबद्दल राज्य सरकारने २०२१ मध्ये जाहीर केलेल्या एक लाख रुपयांच्या मदतीसाठी तहसीलदार कार्यालयात अर्ज करा. कोविड झाल्याचा अहवाल आणि मृत्यूचा दाखला दोन्ही लागतील. दाखल्यावरचे नाव आधारशी जुळते का ते पाहा.

विद्यापीठात कुलगुरूंच्या नावे स्वतंत्र अर्ज द्या, चाळीस जणांच्या निवेदनात तुमचे नाव घालून भागणार नाही. त्यात संपूर्ण फीमाफी मागा आणि निर्णय होईपर्यंत परीक्षा अर्ज स्वीकारावा असे स्पष्ट लिहा. उत्पन्नाचा दाखला आता आईच्या नावाने नव्याने काढा. वडिलांच्या नावाचा जुना दाखला जोडलात तर अर्ज परत येईल.