कपात पडलेलं बिस्किट आणि इतर तक्रारी

यावेळच्या प्रश्नांत चहा एवढा आलाय की बाकीच्यांना जागा उरते की नाही अशी शंका होती, तरी ओढूनताणून दोन-चार वेगळे घेतलेत. ज्यांचा प्रश्न राहिला त्यांनी रागावू नका, पुढच्या अंकात बघू.

प्रश्न: कपात आधी दूध की आधी चहा? आमच्या ऑफिसात यावरून दोन गट पडलेत, दोघंही म्हणतात चव वेगळी लागते. खरंच लागते की नुसता हट्ट?

लागू शकते, आणि हे भांडण तुमच्या ऑफिसच्या कितीतरी आधीचं आहे. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेड नावाची शेतीसंशोधन संस्था आहे, तिथे १९२० च्या दशकात म्युरियल ब्रिस्टल नावाच्या शेवाळ-अभ्यासक बाई काम करायच्या, आणि त्यांचं ठाम म्हणणं की दूध आधी घातलंय की नंतर हे मी पिऊन सांगते. तिथेच संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर होते, ते म्हणाले असं कसं, बघूया. मग ८ कप केले, ४ मध्ये दूध आधी आणि ४ मध्ये नंतर, कसेही मागेपुढे करून बाईंपुढे ठेवले. नुसत्या अंदाजाने आठही बरोबर येण्याची शक्यता ७० मध्ये १. बाईंनी सगळे ओळखले असं सांगतात! प्रयोग कसा आखावा हे शिकवताना संख्याशास्त्रात आजही हाच किस्सा सांगतात, म्हणजे चहाच्या वेळी घातलेला वाद फुकट जातोच असं नाही.

आता कारण. गरम चहात वरून दुधाची धार सोडली की पहिले थेंब एकदम खूप तापतात, त्यातल्या प्रोटीनचा आकार बिघडतो आणि उकळलेल्या दुधाची चव येते. दूध आधी असेल तर ते हळूहळू तापतं. पण हे सगळं वेगळ्या उकळलेल्या कोऱ्या चहाबद्दल हं, ज्यांच्याकडे पातेल्यात दूध, पाणी, साखर, पावडर सगळं एकत्र रटरटतं त्यांनी या भांडणात पडूच नये.

आणि नियमच हवा असेल तर तोही आहे. आयएसओ ३१०३, म्हणजे जगभरासाठी प्रमाणं ठरवणाऱ्या संस्थेचा नियम, साल १९८०. दर १०० मिली पाण्याला २ ग्रॅम चहापत्ती, वर उकळतं पाणी, ६ मिनिटं झाकून ठेवायचं. हा नियम चांगला चहा कसा करावा यासाठी नाहीच मुळी, दोन नमुने शेजारी ठेवून चव तपासणाऱ्यांना सगळीकडे सारखाच चहा मिळावा म्हणून आहे. ६ मिनिटं मुरलेला तो चहा चांगलाच कडक होतो. घरी करून बघा, एकदाच कराल. अशाच ब्रिटिश नियमाला सहा पानं लागली होती आणि त्याबद्दल १९९९ चं इग नोबेल मिळालं, म्हणजे ते आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या कामाला देतात ते.

प्रश्न: बिस्किट चहात पडतं. रोज. काय करू?

तुमचा प्रश्न सगळ्यात छोटा आणि सगळ्यात महत्त्वाचा. त्याच १९९९ साली भौतिकशास्त्राचं इग नोबेल ज्यांच्यात वाटलं गेलं त्यातले एक लेन फिशर, त्यांनी हाच अभ्यास केला होता (आडनाव पुन्हा फिशर, चहाचं आणि या आडनावाचं काय आहे कळत नाही). बिस्किट म्हणजे स्टार्चचे कण आणि त्यांना धरून ठेवणारी साखर, मध्ये बारीक बारीक पोकळ्या. गरम चहा त्या पोकळ्यांतून दिव्याच्या वातीत तेल चढतं तसा वर चढतो, साखर विरघळते, स्निग्ध भाग मऊ पडतो, आणि मग तुमच्या बोटांत अर्धं आणि कपात अर्धं.

यातली कामाची गोष्ट अशी की चहा आत शिरण्याचा वेग एकसारखा नसतो, सुरुवातीला भराभर जातो आणि मग मंदावतो. दुप्पट अंतर जायला चौपट वेळ. म्हणजे बिस्किट उभं बुडवलं तर चहा दोन्ही बाजूंनी घुसून मध्यावर भेटतो आणि ते लगेच पडतं, पण आडवं, सपाट धरून नुसती खालची बाजू चहाला लावली तर चहाला पूर्ण जाडी एकाच बाजूने पार करावी लागते, तोपर्यंत वरची कोरडी बाजू सगळं पेलून धरते. अडचण एवढीच की त्यासाठी कप रुंद लागतो. काढताना पालथं करा, ओली बाजू वर, कोरडी खाली. लोक बघतील, बघू द्या.

आणि बुडवून खाण्याला कोणी गावंढळ म्हणत असेल तर सांगा की गरम ओलाव्याने बिस्किटातला सुगंध सुटतो आणि तो घशामागून नाकात जातो, चवीचा मोठा भाग तिथेच तर कळतो. कोरडं खाणारे बिस्किटाची चव अर्धीच घेतात असं माझं मत, आणि यावर मी भांडायला तयार आहे.

प्रश्न: कोरा चहा थंड करायला फ्रीजमध्ये ठेवला की गढूळ होतो. खराब झाला समजायचं का? आणि तुरट का लागतो?

खराब नाही झालेला. चहातलं कॅफिन आणि पॉलिफेनॉल्स गरम असताना विरघळलेली असतात, थंड झाली की एकमेकांना चिकटतात आणि पाण्यात तरंगत राहतात, ते तुम्हाला गढूळ दिसतं. त्यात थोडं उकळतं पाणी ओतून बघा, समोर बघता बघता निवळतो, लहान मुलांना दाखवायला मस्त प्रकार आहे. गढूळ नकोच असेल तर चहा आधीच पातळ करा, किंवा पत्ती गार पाण्यातच रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, तो निवळ राहतो आणि तुरटही कमी होतो.

तुरटपणाचं मात्र वेगळंच आहे. गोड, आंबट, खारट, कडू या चवी जिभेवरच्या ठरावीक पेशी ओळखतात, तुरट तसं नाही. चहातली टॅनिन्स, म्हणजे त्याच पॉलिफेनॉल्सपैकी काही, लाळेतल्या प्रोटीनला धरून बसतात, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि तोंडातली कातडी एकमेकांवर घासल्यासारखी वाटते. म्हणजे तुरट ही चवीपेक्षा स्पर्शाची भानगड जास्त. दूध घातल्यावर चहा मवाळ का होतो तेही यातच आलं, टॅनिन्सना लाळेऐवजी दुधातलं केसीन नावाचं प्रोटीन सापडतं आणि ती तिकडे जाऊन चिकटतात, तुमचं तोंड वाचतं.

लिंबू पिळल्यावर रंग फिका होतो असंही तुम्ही शेवटी लिहिलंय, तो आंबटपणाने रंगद्रव्यांत होणारा बदल, चहा पातळ झालेला नसतो. पाण्यात क्षार जास्त असतील तर चहावर येणारा तो तेलकट दिसणारा पापुद्राही लिंबाने जातो. दूध घातलेल्या चहात मात्र पिळू नका म्हणजे झालं.

प्रश्न: ग्रीन टीचं झाड वेगळं असतं ना?

नाही. हिरवा, काळा, पांढरा, ऊलाँग, सगळे एकाच झाडाच्या पानांचे, कॅमेलिया सिनेन्सिस. पान खुडल्यावर लगेच वाफ किंवा उष्णता दिली तर हिरवं राहतं, चुरगाळून हवेत ठेवलं तर काळं पडतं, जसं कापलेलं सफरचंद तपकिरी होतं तेच रसायन. कॅमोमाइल, जास्वंद वगैरेच्या पिशव्या मिळतात त्यात बहुतेक वेळा चहाचं पानच नसतं, दुकानदार काहीही म्हणो.

प्रश्न: मिरची खाऊन वर गरम चहा घेतला की तोंडाला आग लागते. चहा तर तिखट नसतो! आणि पाणी पिऊन काही होत नाही.

तिखट ही पण चव नाहीच. (आज चवींना मोडीत काढायचा दिवस दिसतोय.) मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या मज्जातंतूंच्या अशा एका रिसेप्टरला जाऊन चिकटतं ज्याचं खरं काम भाजण्याइतकी उष्णता ओळखणं हे आहे, साधारण ४३ अंशांच्या पुढची. मिरचीने तो आधीच भडकलेला असतो, त्यामुळे एरवी त्याला चालला असता असा कोमट चहाही मग त्याला जाळ वाटतो. मेंदूच्या दृष्टीने तोंड खरंच भाजतंय, म्हणून घाम, नाक वाहणं, डोळ्यांत पाणी. डेव्हिड ज्युलियस यांच्या टीमने हा रिसेप्टर १९९७ साली शोधला आणि २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना आणि आर्डेम पॅटापुटियन यांना मिळालं, हे खरं नोबेल.

पुदिन्याचं नेमकं उलटं, मेन्थॉल थंडी ओळखणाऱ्या रिसेप्टरला फसवतं, म्हणून पेपरमिंट चघळून साधं पाणी प्यायलं तरी बर्फाचं वाटतं. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही त्यामुळे पाण्याने ते फक्त तोंडभर फिरतं. गार दूध घ्या, केसीन इथेही कामाला येतं. पक्ष्यांचा हाच रिसेप्टर कॅप्सेसिनला दाद देत नाही, ते मिरच्या मजेत खातात आणि बिया दूरवर टाकून येतात, झाडाला तेच हवं असतं. बिया दातांनी चिरडणाऱ्यांनी लांब राहावं म्हणून केलेला तिखटपणा आणि आपण मुद्दाम चवीने खातो, काय बोलणार.

प्रश्न: काही देशांत लोक कुजलेले, घाण वासाचे पदार्थ खातात असं वाचलं. जिवंत अळ्यांचं चीज म्हणे! किळस येत नाही का त्यांना?

चीज आहे, खरंच आहे. सार्डिनिया बेटावरचं कासू मार्त्झू. मेंढीच्या दुधाच्या चीजवर एका माशीला अंडी घालू देतात, अळ्या आतला स्निग्ध भाग पचवत जातात आणि चीज इतकं मऊ होतं की त्यातून पाणी सुटतं. त्या अळ्या उड्या मारतात म्हणून खाताना वर हात धरतात. विकायला कायद्याने बंदी आहे, तरी करणारे करतात. आइसलँडचं हाउकार्ल घ्या, तो ग्रीनलँड शार्क ताजा खाल्ला तर विषारी, म्हणून आधी आंबवायचा आणि मग काही महिने टांगून वाळवायचा. वास अमोनियाचा, म्हणजे तोंडात घालायच्या आधी डोळ्यांना कळतं. ड्युरियन फळाला सिंगापूरच्या मेट्रोत बंदी आहे आणि तेच फळ लोक जीव टाकून खातात.

किळसेचं म्हणाल तर ती पदार्थापेक्षा डोक्यात जास्त असते. लिम्बर्गर नावाचं चीज आहे, त्याचा वास ज्या जातीच्या बॅक्टेरियामुळे येतो तिचेच भाऊबंद आपल्या पायांवर राहतात. मलेरिया पसरवणारा ॲनाफिलीस गॅम्बिये डास माणसाच्या पायाच्या वासाकडे जसा जातो तसाच या चीजकडे जातो असं संशोधकांनी दाखवलं आणि २००६ मध्ये, हो, पुन्हा इग नोबेल. डासाला फरक कळत नाही, आपल्याला कळतो कारण एका वेळी आपण बूट काढत असतो आणि दुसऱ्या वेळी ताटाशी बसलेलो असतो. त्यामुळे कुणाच्या ताटातलं बघून नाक मुरडायच्या आधी आपण स्वतः काय काय आंबवून, नासवून, मुरवून खातो त्याची यादी करा. दूध नासवून तर जवळजवळ सगळं जग खातं. अळ्या मात्र मीही खाणार नाही, उडी मारणारं अन्न मला नको.

प्रश्न: कोथिंबीर मला साबणासारखी लागते. घरचे म्हणतात नखरे.

नखरे नाहीत. कोथिंबिरीचा वास ज्या आल्डिहाइड्स नावाच्या रसायनांमुळे येतो त्याच प्रकारचे पदार्थ साबणातही असतात, आणि काही लोकांमध्ये ओआर६ए२ नावाच्या वासाच्या जीनमधला फरक याच्याशी जोडलेला दिसतो. नुसता जीन नाही, सवयीचाही भाग आहे. पानं चिरून वरून घालण्याऐवजी चांगली वाटून थोडा वेळ ठेवून बघा, वाटल्याने पानातली एन्झाइम्स मोकळी होतात आणि ती आल्डिहाइड्स मोडतात. तरी साबणच लागला तर सोडून द्या आणि घरच्यांना हे पान वाचायला द्या.

प्रश्न: विमानातला चहा इतका बेचव का? पैसे तर भरपूर घेतात.

पैशांचं विमान कंपनीला विचारा. चहाचं असं की केबिनमधला हवेचा दाब साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असतो तेवढा ठेवतात, तिथे पाणी ९२-९४ अंशांच्या आसपासच उकळतं आणि काळ्या चहाला लागते ती आच मिळतच नाही. त्यात कोरड्या हवेने नाक सुकलेलं, आणि इंजिनाच्या आवाजात गोड कमी लागतं, उमामी, म्हणजे पिकलेल्या टोमॅटोत लागते ती भरीव चव, मात्र टिकते. म्हणून तर जमिनीवर ज्याला हात लावत नाहीत तो टोमॅटो ज्यूस लोक वर मागून पितात. तुम्हीही तोच घ्या, चहा उतरल्यावर.