नवख्या माणसाने ऑनलाइन बिझनेस कोर्स कसा निवडावा? विश्वासार्ह कोर्स कसा ओळखायचा?

दहा-बारा हजारांत बसणारा, घरबसल्या होणारा, प्रमाणपत्र देणारा कोर्स हवाय, असं तुम्ही लिहिलंय. बिझनेस कसला करायचाय ते मात्र लिहिलं नाहीत. जो कोर्सवाला हे न विचारता पैसे घेईल, त्याच्या वाटेला जाऊ नका.

मी वाशीला एका कस्टम्स ब्रोकरकडे डॉक्युमेंटेशन बघते. शिपिंग बिल, पॅकिंग लिस्ट, एलसीशी (बँकेच्या पतपत्राशी) न जुळणारं इनव्हॉइस, न्हावा शेवाला अडकलेला कंटेनर, यातच दिवस जातो. आणि आमच्या घरात, कोपरखैरण्यात, माझ्या धाकट्या दिरांनी एक्स्पोर्टचा ऑनलाइन कोर्स घेतला. मला एका शब्दाने न विचारता.

आधी ९९ रुपयांचं वेबिनार होतं. रविवार सकाळ, मी शेजारी मेथी निवडत बसले होते. पहिला तासभर त्या माणसाची गाडी, त्याचा दुबईतला फ्लॅट आणि नोकरी करणारे कसे मूर्ख. मग कामाचं एक वाक्य आलं आणि तेच चुकीचं निघालं. म्हणे सीआयएफमध्ये, म्हणजे विमा आणि जहाजभाडं धरून ठरलेल्या सौद्यात, भाडं आणि विमा विकणारा भरतो, म्हणून माल दुबईच्या जबेल अली बंदरात उतरेपर्यंत जोखीम विकणाऱ्याची. अहो, एफओबी (जहाजावर चढवेपर्यंतचाच खर्च विकणाऱ्याचा) असो की सीआयएफ, माल इथल्या बंदरात जहाजावर चढला की जोखीम खरेदीदाराची. खर्च कोण करतो हा वेगळा मुद्दा. आमच्याकडे नवीन लागलेल्या मुलांनाही आम्ही हे पहिल्या आठवड्यात सांगतो. मी भावजींच्या फोनवरून चॅटमध्ये एवढंच लिहिलं. उत्तर आलं नाही. थोड्या वेळाने चॅटच बंद झालं आणि स्क्रीनवर उलटं मोजणारं घड्याळ आलं: पहिल्या पन्नास जणांना ४९,९९९चा कोर्स २४,९९९ला. भावजींनी बसल्या जागी घेतला. मी बोलले तर म्हणाले, "वहिनी, तुम्ही कागदं बघता. हे धंदा शिकवतात."

मसाल्याच्या धंद्यात कागद म्हणजेच निम्मा धंदा, हे त्यांना पुढे कळलं. एपीएमसीच्या मसाला मार्केटमधून हळद-मिरची उचलून दुबईला पाठवायची, असा बेत होता. मसाले निर्यात करायला स्पाइसेस बोर्डाची नोंदणी लागते, याचा अख्ख्या कोर्समध्ये उल्लेख नाही. बँकेचा एडी कोड (परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या शाखेचा नंबर) बंदरावर नोंदवायचा असतो, तेही नाही. मात्र आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीला लागणारा कोड नंबर, 'काढून देण्याचं पॅकेज' होतं, पाच हजारांचं. आयईसी डीजीएफटीच्या (सरकारच्या परकीय व्यापार महासंचालनालयाच्या) साइटवर ५०० रुपयांत निघतो. तो शेवटी या कागदं बघणारीनेच काढून दिला, रात्री जेवणं झाल्यावर.

पैसे भरले होते 'नो कॉस्ट ईएमआय'वर. ते कर्ज असतं, तुमच्या नावावर, कुठल्यातरी फायनान्स कंपनीचं. कोर्सवाला आपले पैसे घेऊन मोकळा होतो, आणि कोर्स भिकार निघाला म्हणून हप्ता थांबवलात तर सिबिल तुमचा बिघडतो. परतावा होता म्हणे: सगळे व्हिडिओ बघून, सगळ्या असाइनमेंट देऊन, सात दिवसांच्या आत मागायचा. व्हिडिओ उघडणार होते दर आठवड्याला एक भाग असे. करा हिशेब.

तेव्हा परताव्याची अट पैसे भरण्याआधी वाचा, आणि धड्यांची पूर्ण यादी आधी मागा. देत नसतील तर विषय संपला. पावतीवर जीएसटी नंबर असेल तर तो जीएसटीच्या साइटवर टाकून नाव जुळतंय का बघा, कंपनी असेल तर एमसीएच्या (केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या) साइटवरही दिसते. 'एमएसएमई नोंदणीकृत' या शिक्क्याला भुलू नका, उद्यम नोंदणी फुकट आणि स्वयंघोषणेवर होते. 'आयएसओ'चंही तसंच, ती संस्था स्वतः कुणालाच प्रमाणपत्र देत नाही. दुसऱ्यांना कोर्समध्ये आणलंत की कमिशन, असं कुणी म्हणालं तर तिथून उठा.

मला विचाराल तर आधी फुकटचं शिका. एनपीटीईएलवर (आयआयटींचे ऑनलाइन कोर्स) आणि सरकारच्या स्वयम् पोर्टलवर अकाउंटिंग, मार्केटिंग, फायनान्स सगळं आहे. एनपीटीईएलच्या कोर्सला शिकायला पैसे नाहीत, प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेचे १,००० रुपये. इंग्रजी जड जात असेल तर महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राचे मराठीतले कार्यक्रम बघा, ठाण्याच्या जिल्हा उद्योग केंद्रात चौकशी करा. भावजींचं यावर ठरलेलं उत्तर आहे, फुकट मिळतं त्याची किंमत राहत नाही. म्हणजे आयआयटीचे प्राध्यापक कवडीमोल आणि तो गाडीवाला मोलाचा. आमच्या घरी हा वाद दर गणपतीत होतो. यंदाही होईल.

पैसे घेणारे सगळेच चोर नसतात, हेही लिहायला हवं. टॅली किंवा जीएसटी रिटर्न असं एकच ठरावीक काम शिकवणारे बरेच चांगले आहेत. इन्स्टाच्या जाहिराती वगैरे शिकायचं असेल तर माझं मत धरू नका, त्यातलं मला कळत नाही. आणि त्या कोर्सच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भावजींना पुण्याचा एक पॅकिंगवाला भेटला, त्याच्याशी त्यांचं अजून काम चालतं, तेवढं श्रेय त्या गाडीवाल्याला.

आधीच अडकला असाल तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. करारात 'फक्त बंगळुरूचं न्यायालय' लिहिलं असलं तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही.

प्रमाणपत्राचं म्हणाल तर कस्टम्स, बँक किंवा खरेदीदार, यांतल्या कुणी ते मागितल्याचं मी पाहिलेलं नाही. पीएमईजीपीचं (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचं) कर्ज काढणार असाल तर ईडीपी, म्हणजे उद्योजकता विकासाचं, प्रशिक्षण लागू शकतं, पण तेही त्यांनी मान्य केलेल्या संस्थेचंच.