वह्या माळ्यावर, मुलगी लातूरला

प्रश्न : आम्ही अमळनेर तालुक्यातले, कापसाची शेती आहे. मुलगी अकरावी सायन्सला, दहावीला 91 टक्के. तिला डॉक्टर करायचं ठरलंय, उन्हाळ्यात लातूरला क्लासला टाकतोय. पण ती लहान पोरांच्या गोष्टी लिहीत बसते. 'मुलांची पुस्तकं लिहीन' म्हणते. सध्या तिच्या वह्या माळ्यावर टाकल्यात. नमुना म्हणून एक गोष्ट पाठवतो, पोरकटपणा तुम्हीच बघा. यात करिअर असतं का? तिला समजावा. – एक पालक

उत्तर : आप्पा, गोष्ट वाचली. जिनिंगच्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याच्या, आवारात मांजराचं पांढरं पिल्लू कापसाच्या गंजीत घुसतं, शिंकत बाहेर येतं. वॉचमन दरडावतो, "तुनं नाव काय शे?" पिल्लू घाबरून सांगतं, "कापूस." मग त्याला काट्यावर ठेवून भाव काढतात. मला हसू आवरेना. त्या अहिराणी वाक्याखाली तुम्ही लाल पेनाने रेघ मारून 'शुद्ध लिही' असं लिहिलंय. ते वाक्य तसंच राहू द्या. अमळनेरच्या जिनिंगमधला वॉचमन आणखी कसा बोलणार?

मार्कांची मला काळजी नाही. काळजी आहे ती माळ्यावरच्या वह्यांची. डॉक्टर करायचं ठरलंय म्हणता, पण ठरवताना मुलगी तिथे होती का, याचा पत्रात पत्ता नाही. तिला फिजिक्स जमतं का, जीवशास्त्र आवडतं का, रक्त बघून घेरी येते का, काहीच लिहिलेलं नाही. तिचं फक्त अर्धं वाक्य आहे, तेही तक्रार म्हणून. गोष्टी लिहिणं बंद केलं की तेवढा वेळ अभ्यासाला मिळतो, असं बऱ्याच पालकांना वाटतं. माझ्यासमोर येणाऱ्या मुलांचं तसं होत नाही. वही हिसकावलेलं पोर पुस्तक उघडं ठेवून भिंतीकडे बघत बसतं, आणि लातूरच्या खोलीत ते बघायला तुम्ही नसाल. तुम्ही वाईट बाप नाही. दोन वर्षं पाऊस दगा देतो तेव्हा घरात एक पक्की कमाई हवी असं वाटणारच. पण ती भीती तुमची आहे, सतरा वर्षांच्या पोरीने ती का वाहायची?

'नीट'चा, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा, रस्ता तुम्हाला ठाऊक आहे, 720 पैकी मार्क आणि कटऑफ. तिला खरंच जायचं असेल तर जाऊ द्या, वह्या सोबत देऊन.

आता 'पोरकटपणा'बद्दल. लहानांसाठी लिहिणं सोपं आणि मोठं झालं की 'खरं' साहित्य, हा समज शिकल्यासवरलेल्यांतही आहे. चित्रांचं पुस्तक बहुधा सोळा किंवा चोवीस पानांचं असतं, कारण छपाईचे फॉर्म, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकदम छापायच्या पानांचे गट, तसे बसतात. म्हणजे गोष्ट तेवढ्यातच वळली पाहिजे आणि संपलीही पाहिजे. पिल्लू पांढरं आहे हे चित्र सांगणार असेल, तर शब्दांनी ते परत सांगायचं नाही. वाक्य मोठ्याने वाचताना अडखळलं की पाच वर्षांचं पोर उठून निघून जातं, शिष्टाचार म्हणून बसून राहत नाही. शेवटी तात्पर्य चिकटवायचा मोह तर थोरामोठ्यांना सुटत नाही. तुमच्या मुलीने तो टाळलाय, हे मला तिच्या टक्क्यांपेक्षा जास्त मोलाचं वाटतं. चित्रं तिला काढता येत नसतील तरी अडत नाही, चित्रकार वेगळा असतो.

पोट भरेल का? नुसत्या पुस्तकांवर, मराठीत, बहुतेकांचं भरत नाही. साठ रुपयांच्या पुस्तकावर दहा टक्के मानधन धरलं तर हजार प्रती खपल्यावर हाती सहा हजार येतात. म्हणून मुलांसाठी लिहिणारे बरेच जण शिक्षक, संपादक, अनुवादक असतात. तुमच्याच अमळनेरला साने गुरुजी 1924 ते 1930 प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत होते. छात्रालयातल्या मुलांसाठी ते हाताने लिहून दैनिक काढायचे. घर चालायचं मास्तरकीवर. तेव्हा कमाईचं शिक्षण तिने काहीही घ्यावं, डी.एल.एड. (शिक्षकाची पदविका), बी.एस्सी., अगदी एम.बी.बी.एस.सुद्धा. बालसाहित्यिक होण्याची डिग्री मात्र शोधू नका. कुणी जाहिरात दिली तर फी भरू नका.

त्यापेक्षा गावातल्या जिल्हा परिषद शाळेत दर शनिवारी तिला पहिली-दुसरीच्या मुलांसमोर गोष्ट वाचू द्या. पोरं कुठे चुळबुळतात ते तिने वहीत टिपावं. तिथे तपासून झालेली गोष्ट मग 'किशोर'कडे पाठवावी. बालभारतीचं हे मासिक 1971 पासून निघतंय.

पुढेमागे एखादा प्रकाशक करार पाठवेल. मुलगी अठराची झालेली नसेल तर त्यावर सही तुमची लागेल. तेव्हा हक्क किती वर्षांसाठी देतोय ते नीट वाचा. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क लेखीच द्यावे लागतात आणि मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. एकरकमी दोन-चार हजार घेऊन सगळे हक्क कायमचे सोडून देऊ नका.